नारायण मेघाजी लोखंडे: गिरणीतल्या पोरांची जबाबदारी मालकावर टाकायला लावणारा माणूस

जालना म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, बियाणं आणि सळई. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून त्याचं पोलाद करणाऱ्या भट्ट्या आणि त्यापासून सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल्स रात्रंदिवस चालतात. या कारखान्यांत मंठा, घनसावंगी, भोकरदनकडची पोरं येतात, तसंच उत्तर प्रदेश आणि बिहारमधूनही येतात. बरेच जण ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागतात.

अशा पोराला पहिल्या दिवशी भट्टीजवळ उभं करण्याआधी धोका काय आहे, हात कुठे घालायचा नाही, पळायची वाट कुठली, हे शिकवायचं कुणी? शेजारच्या जुन्या कामगाराने? ठेकेदाराने? की त्याचं त्याने बघून बघून शिकायचं?

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. ही जबाबदारी कारखान्याच्या मालकाची. पण कायदा हे सुरुवातीपासून म्हणत नव्हता. दीडशे वर्षांपूर्वी तर मुंबईच्या गिरणीत सहा वर्षांच्या पोराला कामाला लावायलाही कायद्याची आडकाठी नव्हती. तिथून आजपर्यंतच्या प्रवासाची सुरुवात ज्या माणसांनी करून दिली, त्यांत एक नाव फार महत्त्वाचं आहे, ते म्हणजे रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

ठाण्यातलं बालपण आणि गिरणीतली नोकरी

लोखंडेंचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. फुलमाळी समाजातलं हे कुटुंब पोटापाण्यासाठी ठाण्यात आलं होतं. घरची परिस्थिती बेताचीच. मॅट्रिकपर्यंतचं शिक्षण झाल्यावर पुढे शिकण्याऐवजी त्यांनी नोकरी धरली. सुरुवातीला रेल्वेच्या टपाल खात्यात आणि नंतर मुंबईत मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत ते कामाला लागले. गिरणीत त्यांच्याकडे कोठाराचा कारभार होता.

या नोकरीने त्यांना एक गोष्ट दिली. ते साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते आणि मालकही नव्हते. मधल्या जागेवर बसून त्यांना गिरणीचा कारभार आतून दिसत होता.

मुंबईत गिरण्यांची सुरुवात १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला केली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गिरणगाव वाढत गेलं आणि कोकण, देशावरून माणसं तिथे येत राहिली. काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायचं. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. जेवणाची ठरलेली सुटी नव्हती. आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. पगार कधी होईल याचा भरवसा नव्हता.

याच गिरण्यांत लहान पोरंही असायची. सुताने भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायच्या, तुटलेले धागे जोडायचे, यंत्राखालचा कापूस झाडायचा, ही कामं त्यांच्याकडे असत. बोटं बारीक आणि अंग लहान, त्यामुळे यंत्रांच्या मधे शिरायला ती सोयीची. पण धोकाही त्याच मधल्या जागेत होता. वाफेच्या इंजिनावरून पट्ट्यांनी सगळा कारखाना फिरायचा. उघड्या पट्ट्यात किंवा दात्यांत कपडा अडकला की हात गेलाच. पोराला कामावर घेणारा जॉबर, म्हणजे मुकादम. कामाचं शिक्षण म्हणजे दुसऱ्या पोराशेजारी उभं करणं. याहून वेगळी काही पद्धत असते, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

सत्यशोधक आणि संपादक

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे या चळवळीत ओढले गेले आणि मुंबईतले तिचे प्रमुख कार्यकर्ते झाले. कामगारांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी इथूनच आली. गिरणीतला माणूस बहुतेक करून गावाकडचा शेतकरी किंवा कारागीर होता. शिक्षण नाही, लिहिता येत नाही, म्हणून त्याची दाद कुठेच लागत नाही, हे फुल्यांनी शेतकऱ्याबद्दल दाखवून दिलं होतं. लोखंडेंना तेच गिरणीत दिसत होतं.

सत्यशोधक चळवळीचं वृत्तपत्र 'दीनबंधु' कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलं होतं. पैशाअभावी ते चालवणं अवघड झालं, तेव्हा १८८० साली लोखंडेंनी ते मुंबईत आणलं आणि नोकरी सोडून त्याचं संपादन हाती घेतलं. घरची श्रीमंती नसलेल्या माणसाने ठरलेला पगार सोडून तोट्यातलं वृत्तपत्र चालवायला घेणं ही साधी गोष्ट नव्हती. पण त्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगाराला पहिल्यांदाच त्याची बाजू छापणारं पत्र मिळालं.

पहिला कायदा आला, पण तोकडा

कारखान्यांसाठी कायदा हवा, ही चर्चा लोखंडेंच्या आधीच सुरू झाली होती. १८७५ साली मुंबई सरकारने त्यासाठी एक आयोग नेमला. आयोगातल्या बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. पुढे १८७८ मध्ये सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी समाजसुधारकाने मुलं आणि स्त्रियांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा तयार केला. मुंबई सरकारने तो उचलून धरला नाही, पण विषय मागे पडला नाही.

या मागणीला आणखी एक बाजू होती. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणी मालकांनाही भारतात कारखाना कायदा हवा होता. त्यात पोरांच्या काळजीपेक्षा मुंबईच्या स्वस्त कापडाची भीती मोठी होती. त्यामुळे मुंबईचे मालक आणि त्या काळातली बरीच राष्ट्रीय वृत्तपत्रं अशा कायद्याकडे देशी धंदा बुडवण्याचा डाव म्हणून पाहत. कामगाराची बाजू घेणाऱ्यावर परक्यांना मदत केल्याचा ठपका येण्याची शक्यता होती. लोखंडेंना काम करायचं होतं ते या कोंडीत.

लॉर्ड रिपन व्हाइसरॉय असताना १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला. त्यात काय होतं?

- यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना तो लागू होता.
- ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी होती.
- ७ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त ९ तास काम, एक तास विश्रांती आणि महिन्याला चार सुट्या होत्या.
- धोकादायक यंत्रांना कुंपण घालणं आणि अपघाताची खबर देणं बंधनकारक झालं.

वाचायला हे बरं वाटतं, पण सातव्या वर्षी पोर गिरणीत जाऊ शकत होतं. जन्माचा दाखला नसण्याच्या त्या काळात सात वर्षांचं कोण आणि सहाचं कोण, हे ठरवणंही अंदाजाचं काम. मोठ्या माणसांच्या आणि स्त्रियांच्या तासांवर मर्यादाच नव्हती. आणि यंत्राला कुंपण घाला म्हणणाऱ्या कायद्यात, यंत्रासमोर उभं राहणाऱ्याला काही शिकवा, असं म्हटलेलं नव्हतं.

१८८४ ची मागणी, जी काळाच्या पुढे होती

१८८४ साली मुंबई सरकारने कायद्याचा फेरविचार करायला दुसरा आयोग नेमला. असे आयोग मालकांचं, अधिकाऱ्यांचं, डॉक्टरांचं ऐकत. कामगारांचं म्हणणं एकत्रितपणे मांडणारं कुणी नव्हतं. लोखंडेंनी नेमकी ही पोकळी हेरली. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक निवेदन तयार केलं. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या.

निवेदनात पाच मागण्या होत्या. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात पडावा. आणि पाचवी मागणी अशी, की कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

सुरक्षेच्या दृष्टीने ही पाचवी मागणी सगळ्यात महत्त्वाची. तोवर अपघात म्हणजे कामगाराचं नशीब किंवा त्याचा निष्काळजीपणा. हात गेला की नोकरी गेली, आणि त्याची जागा घ्यायला फाटकाबाहेर दुसरा उभाच असायचा. म्हणजे अपघाताची किंमत मालकाला पडतच नव्हती. ज्या गोष्टीची किंमत पडत नाही, ती टाळण्यासाठी कुणी खर्च करत नाही. नवख्या पोराला दोन दिवस शिकवणं म्हणजे दोन दिवसांचं उत्पादन घालवणं. ते मालक कशाला करेल? जखमेचा खर्च मालकाच्या वहीत लिहिला गेला, तरच जखम होऊ नये म्हणून शिकवणं त्याला परवडतं.  

या हालचालीतूनच बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. ही भारतातली पहिली कामगार संघटना मानली जाते आणि तिची सुरुवात साधारणपणे १८८४ पासून धरतात. आजच्या युनियनसारखी सभासद-वर्गणी, निधी, नियमावली तिच्याकडे नव्हती. लोखंडेंची धडपड, 'दीनबंधु'ची पानं आणि सभांना जमणारी माणसं एवढंच तिचं भांडवल होतं. आयोगाने निवेदन घेतलं, पण सरकारने त्यावर लगेच कायदा केला नाही.

रविवारची सुटी आणि दुसरा कायदा

लोखंडेंनी पाठपुरावा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. आठवड्याच्या सुटीची मागणी गिरणी मालकांच्या संघटनेकडे गेली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती अशी.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये युरोपातल्या देशांची कामगार प्रश्नावर परिषद झाली होती आणि भारत सरकारवरही दबाव वाढला होता. सरकारने डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना आयोग नेमला. सोराबजी बंगाली त्याचे सदस्य होते आणि मुंबईच्या चौकशीसाठी लोखंडेंना आयोगात घेण्यात आलं. सहा वर्षांपूर्वी आयोगाच्या दारात निवेदन घेऊन उभा राहिलेला माणूस आता आयोगाच्या टेबलाशी बसून प्रश्न विचारत होता.

आयोगानंतर १८९१ चा कायदा आला आणि १ जानेवारी १८९२ पासून लागू झाला. आता ५० कामगारांचे कारखानेही कायद्याखाली आले. मुलांचं किमान वय ९ झालं. ९ ते १४ वयाच्या मुलांना दिवसाला ७ तासांची मर्यादा आली. स्त्रियांसाठी ११ तास ठरले. आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली. १८८४ च्या पाचांपैकी दोन मागण्या अशा कायद्यात उतरल्या. जखमींच्या भरपाईची मागणी मात्र राहिली.

गिरणीबाहेरचं काम

लोखंडेंचं काम गिरणीपुरतं नव्हतं. विधवांचं केशवपन करणार नाही, असं नाभिकांनी ठरवावं यासाठी त्यांनी १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिकांचा संप घडवून आणला. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तेव्हा कामगार वस्त्यांत शांतता राखण्यासाठी ते फिरले. या कामासाठी सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. ज्याला शक्य होतं तो शहर सोडून जात होता. दाटीच्या चाळींत राहणाऱ्या गिरणी कामगारांना साथीचा फटका मोठा बसला. लोखंडे शहरात थांबले आणि रुग्णांच्या मदतीचं काम करत राहिले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

त्यांच्यानंतर कायदा कुठवर आला?

लोखंडेंची राहिलेली मागणी पूर्ण व्हायला १८८४ पासून ३९ वर्षं लागली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाकडून मिळण्याचा हक्क दिला. त्याआधी १९२२ मध्ये कारखान्यात मुलांचं किमान वय १२ झालं होतं.

शिकवण्याचा मुद्दा ठळकपणे आला तो स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात. १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात बंदी झाली. कलम २३ ने सांगितलं, की १८ वर्षांखालच्या कुणालाही सरकारने धोकादायक ठरवलेल्या यंत्रावर काम देण्याआधी त्या यंत्राचे धोके आणि घ्यायची काळजी पूर्णपणे समजावून सांगितलेली असली पाहिजे. शिवाय त्याचं पुरेसं प्रशिक्षण झालेलं असावं किंवा यंत्राची पक्की माहिती असलेल्या अनुभवी माणसाची त्याच्यावर देखरेख असावी. कलम २२ ने स्त्रिया आणि अशा तरुणांना चालू यंत्राची साफसफाई किंवा तेलपाणी करायला मनाई केली. 

भोपाळ वायू दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख देणं हे मालकाचं सर्वसाधारण कर्तव्य झालं. ते केवळ अल्पवयीनांसाठी नाही, सगळ्याच कामगारांसाठी. २०१६ च्या बालकामगार कायद्यातल्या दुरुस्तीने १८ वर्षांखालच्या मुलांना धोकादायक व्यवसाय आणि प्रक्रियांत घ्यायलाच बंदी केली. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही माहिती आणि प्रशिक्षण देण्याचं कर्तव्य मालकावरच ठेवलं आहे.

जालन्यात याचा अर्थ काय?

लोखंडेंच्या काळात जालना निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे मुंबईत झालेली ही सुधारणा तेव्हा इथल्या कामगाराच्या वाट्याला थेट आली नाही. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. आज कायदा तोच आहे आणि धोका बदलला आहे.

भंगारात ओलावा असला किंवा बंद डबा, सिलिंडर राहून गेला, तर वितळलेल्या धातूत पडताच स्फोट होऊ शकतो. रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई मार्ग सोडून बाहेर उसळू शकते. या गोष्टी नवख्या पोराला पाहून समजत नाहीत, कारण ज्या दिवशी त्या दिसतात, त्या दिवशी शिकायला वेळ नसतो. म्हणून भंगार कसं तपासायचं, भट्टीपासून किती लांब थांबायचं, कोणते कपडे-बूट-चष्मा घातल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे कामाआधीच आणि त्याला समजणाऱ्या भाषेत सांगावं लागतं. बिहारहून आलेल्या पोराला मराठी पाटी वाचता येत नसेल, तर पाटी लावून जबाबदारी संपत नाही.

पोरगा ठेकेदाराचा आहे, हेही उत्तर चालत नाही. १९४८ च्या कायद्यानेच ठेकेदारामार्फत आलेल्या माणसाला कारखान्याचा कामगार मानलं होतं. आयटीआयमधून शिकाऊ म्हणून आलेल्या मुलालाही शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार सुरक्षेचं संरक्षण आणि दुखापतीची भरपाई आहे. तक्रार करायची असेल, तर राज्य सरकारचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे त्यासाठीचं खातं आहे.

२००५ साली भारत सरकारने लोखंडेंच्या नावाने टपाल तिकीट काढलं. मुंबईत परळला राज्य सरकारची कामगारविषयक शिक्षण देणारी संस्था त्यांच्या नावाने चालते. ज्या भागात त्यांनी सह्यांसाठी सभा घेतल्या, त्याच भागात. पण त्यांच्या कामातली मोठी गोष्ट त्या सह्यांमध्येच आहे. कायद्याने वय विचारलं, तास मोजले, कुंपण घातलं, हे सगळं झालं तेव्हा कुणीतरी कामगाराचं म्हणणं कागदावर उतरवून योग्य टेबलापर्यंत नेलं होतं. प्रशिक्षणाचं कलमही तसंच आहे. ते पुस्तकात आहे. भट्टीपाशी ते पोचतं की नाही, हे पहिल्या पाळीला आलेल्या पोराला कुणी काय शिकवलं, एवढ्या एका प्रश्नावरून कळतं.